वहीतली खूण आणि मोबाईलमधली खूण

आज आमच्याच गटाची एक चूक सांगायची आहे.

गेल्या वर्षी थकलेल्या हप्त्यांची यादी आम्ही गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. एका ताईचं नाव दरवर्षी त्या यादीत यायचं. "ही बुडवीच," असं आम्ही म्हणू लागलो. ताईंनी बैठकीला येणं सोडलं आणि मोबाईलवरच्या एका अ‍ॅपकडून पाच हजार घेतले. कर्ज घेताना 'संपर्क बघू द्या' यावर त्यांनी होकार दाबला होता. हप्ता लांबला, तसे वसुलीचे फोन दिरांना गेले, मुलीच्या शाळेतल्या बाईंनाही गेले.

मग आम्ही तीन वर्षांची कर्जवही काढली आणि महिन्यावार मांडली. जूनमध्ये कर्जं सगळ्यात जास्त, कारण बी-बियाणं आणि वह्या-पुस्तकं एकदमच येतात. ताईंचे हप्ते चुकले होते ते फक्त भाद्रपदात. खुरपणी आटोपलेली, काढणीला अवकाश, मग मजुरी कुठून मिळणार? बाकीच्या महिन्यांत त्यांनी एक दिवसही उशीर केला नव्हता. वही आमच्याच कपाटात होती, पण आम्ही आधी नाव ठेवलं, वही नंतर उघडली.

मैत्रिणींनो, मोबाईलही अशीच वही लिहीत असतो. आपण कुठल्या व्हिडिओवर थांबलो, काय शोधलं, कुठे गेलो, याच्या नोंदी होतात. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर कंपनीला वाचता येत नाही, पण कोण कुणाशी कधी बोललं, एवढ्यावरूनही पुष्कळ कळतं. त्या खुणांवरून आपली नड ओळखून जाहिरात दाखवता येते.

म्हणून एवढं करा. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक अ‍ॅपची परवानगी तपासा. कर्जाच्या अ‍ॅपने संपर्कयादी, फोटो, कॉलच्या नोंदी बघू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. कर्ज कुठल्या बँकेचं, हे आधी विचारा. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

आता आम्ही थकबाकी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत नाही. भाद्रपदात अर्धा हप्ता घेतो, उरलेला दिवाळीनंतर. ताई पुन्हा बैठकीला येतात. वही आता त्याच लिहितात.