अर्जाचा मायना

मुंब्र्याच्या माणसाला पत्ता विचारा. तो ‘मुंब्रा, जिल्हा ठाणे’ असं सांगेल. ‘ठाणे शहर’ हा शब्द त्याच्या तोंडी सहसा येत नाही. कागदोपत्री मात्र 1 ऑक्टोबर 1982 पासून आम्ही ठाणे शहरातच आहोत. त्या दिवशी ठाण्याची जुनी नगरपालिका आणि भोवतालची तीसहून अधिक गावं मिळून महापालिका झाली. मध्ये पारसिकचा डोंगर, खाडी, तरी गाव एकच!

ती जुनी नगरपालिका 1863 सालची. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी आली 1853 साली, त्यानंतर दहाच वर्षांनी. पण तेव्हाची नगरपालिका म्हणजे सरकारनं नेमलेली माणसं आणि त्यांच्यावर साहेबाची नजर. रस्त्यावर दिवे लावायचे, झाडलोट करायची, त्यासाठी पट्टी वसूल करायची. ज्याच्याकडून वसूल करायची त्याला विचारायचं मात्र नाही. लॉर्ड रिपन यांनी 18 मे 1882 रोजी ठराव केला, त्यात स्थानिक कारभार लोकांनी निवडलेल्या माणसांकडे जावा, असं धोरण होतं. मग हळूहळू निवडणुका आल्या, पण मत कुणाला? तर मालमत्ता असणाऱ्याला, कर भरणाऱ्याला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कष्टकऱ्याला पालिकेच्या कारभारात मत मिळालं ते स्वातंत्र्यानंतर.

मला गंमत वाटते ती याची, की इतकं सगळं होऊन 1982 मध्ये महापालिका झाली आणि निवडून आलेली माणसंच नाहीत! प्रशासक आले. पहिली निवडणूक 1986 साली झाली, सतीश प्रधान पहिले महापौर झाले. मी तेव्हा शाळा संपवत होतो. अब्बा मत देऊन आले आणि म्हणाले, “आता भांडायला कोणीतरी मिळाला.”

त्या वाक्याचा अर्थ मला पुढं कळला. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून पुष्कळ कुटुंबं मुंब्रा-कौशाकडे आली. इमारती उठल्या, गटारं मागून आली, काही ठिकाणी आलीच नाहीत. नव्या लोकांची बोली उर्दू-हिंदी आणि पालिकेचा कारभार मराठीतून. मोहल्ल्यात मराठी घेऊन बी.ए. झालेला मी. कवितेनं मला ओळख दिली असेल-नसेल, अर्जांनी मात्र भरपूर दिली. पाणी येत नाही, दिवा बंद आहे, कचरा उचलला जात नाही; मी लिहीत असे, ‘मा. आयुक्त यांसी’ आणि खाली ‘मा. नगरसेवक यांच्यामार्फत’. या खालच्या ओळीत जोर असे. आयुक्तांना भेटायचं तर ठाण्याला जावं लागे, अर्धा दिवस मोडे. नगरसेवक चहाच्या टपरीवर सापडे. सापडत नसे तेव्हा त्याची आई घरी असे.

नगरसेवक म्हणजे फरिश्ते, असं मी म्हणत नाही. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, 74 माणसं गेली. अटक झालेल्यांत महापालिकेचे अधिकारी होते, तसा एक नगरसेवकही होता. त्या मलब्याची आठवण झाली की लोकशाहीवर भाषण करण्याची माझी हिंमत राहत नाही. पण श्रोतेहो, नगरसेवकाला पाच वर्षांनी दारात यावं लागतं. नेमलेल्या माणसाची बदली होते, आणि ती झाल्याचं आपल्याला वर्तमानपत्रात कळतं.

मार्च 2022 मध्ये 131 नगरसेवकांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकले, निवडणूक पुढं पुढं गेली, आणि पुन्हा प्रशासक! पहिल्या वेळी चार वर्षं, दुसऱ्या वेळीही जवळजवळ तितकीच. कामं थांबली असं नाही. पण माझ्या अर्जातली खालची ओळ कोरी राहू लागली. एक म्हातारी रोज विचारी, “मार्फत कुणाच्या लिहिलं?” ‘माजी नगरसेवक’ लिहून पाहिलं. ‘माजी’ शब्दाला कोण विचारतो?

15 जानेवारी 2026 रोजी मतदान झालं. आता खालची ओळ पुन्हा लिहिता येते. अडचण वेगळी आहे. प्रभाग चार सदस्यांचा. पाण्याचं विचारलं की पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसरीकडे. त्यात मुंब्र्याचं पाणी येतं एमआयडीसीकडून, म्हणजे चौथ्याला बोट दाखवायला आणखी एक जागा! ही पद्धत मला पटत नाही. एका वस्तीला एकच माणूस असावा आणि त्याचं घर सगळ्यांना ठाऊक असावं.

परवा ती म्हातारी पाण्याचाच अर्ज घेऊन आली. मायन्याखाली मी चौघांचीही नावं लिहिली.