ब्रेकचा आवाज गेला, मग काय? जुन्या बाइकचा सर्वो एबीएस काढण्याबद्दल

गाडी चालवताना ऐकत असाल तर आधी बाजूला घ्या, कारण आज विषय ब्रेकचा आहे.

जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. म्हणाला, "दादा, 2002 ची बीएमडब्ल्यू आर 1150 आरटी स्वस्तात मिळतेय. मालक म्हणतो, सर्वो एबीएस काढून ब्रेक साधे केलेत. घेऊ का?"

हो किंवा नाही म्हणण्याआधी काय काढलंय ते समजून घेऊ.

बाइकवर एबीएस पहिल्यांदा आणला बीएमडब्ल्यूनेच, 1988 साली, के 100 वर. त्याचं काम एकच, चाक जाम होऊ न देणं. 2001 मध्ये त्यांनी पुढची पायरी गाठली, इंटिग्रल एबीएस. यात टाकीखालच्या युनिटमध्ये इलेक्ट्रिक पंप असतात. तुम्ही लिव्हर हलकेच दाबायचा, खरा जोर पंप लावणार. हा सर्वो. शिवाय पुढचा लिव्हर दाबला की मागचाही ब्रेक लागतो. लिव्हर दाबताच "घुंईऽऽ" असा आवाज येतो, तो या पंपाचाच.

आता खरी मेख. आपल्या साध्या गाडीचा एबीएस बंद पडला तर ब्रेक नेहमीसारखाच लागतो, फक्त चाक लॉक होऊ शकतं. इथे सर्वो बंद पडला तर जोरच जातो. ब्रेक अगदीच शून्य होत नाही, थोडा उरतो, पण त्यासाठी लिव्हर जीव खाऊन दाबावा लागतो. इग्निशन बंद असलं तरी हेच. म्हणजे उतारावर गाडी बंद करून घरंगळत आणायची सवय असेल, तर या गाडीवर ती कायमची सोडा.

आकड्यात बघू. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. चांगल्या ब्रेकने वेग दर सेकंदाला 8 मीटरने उतरला, तर गाडी 25 मीटरमध्ये थांबते. समजा जोर गेला आणि वेग 2 मीटरनेच उतरला, तर लागतात 100 मीटर. समोर ट्रक 40 मीटरवर असेल तर पुढचं मी सांगायला नको.

मग लोक हे युनिट का काढतात? कारण या गाड्यांना आता वीस वर्षं उलटलीत. युनिट बदलायचं म्हटलं तर खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 ऑइल ताजं असताना 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर ही हद्द 155 पर्यंत खाली येऊ शकते. वर आतले भाग गंजतात, ते वेगळंच. म्हणून काढायचा विचार करण्याआधी ऑइल वेळेवर बदललंय का, वायरिंग आणि बॅटरी ठीक आहे का, युनिट दुरुस्त करून मिळतं का, हे बघा. बॅटरी कमजोर असली तरी सिस्टीम तक्रार करते.

आणि समजा काढलाच, तर युनिट काढून नुसत्या नळ्या जोडल्या की झालं, असं नाही. मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सरळ लाइन टाकायची. पुढे दोन कॅलिपर, म्हणजे लाइनला दोन फाटे. सगळी हवा काढायची. ब्रेक लाइटची वायरिंग या गाडीत एबीएस युनिटमधून जाते, ती वेगळी करून द्यावी लागते. ती विसरलात तर तुम्ही थांबाल, पण मागच्याला कळणारच नाही. डॅशबोर्डवरच्या वॉर्निंग लाइटचा बल्ब काढून गप्प बसणं, ही तर निव्वळ फसवणूक.

सगळं नीट केलं तरी ब्रेक बदलतोच. लिव्हरला जास्त जोर लागतो. पुढचा लिव्हर आता फक्त पुढचं चाक धरतो, मागच्यासाठी पाय वापरावाच लागतो. ओल्या रस्त्यावर चाक लॉक झालं तर वाचवायला कुणी नाही. आणि ही गाडी पेट्रोलसकट 279 किलोची! मोकळ्या मैदानात, कमी वेगापासून सुरुवात करून, हाताला आणि पायाला नव्याने शिकवावं लागतं.

आता कायदा. जर्मनीत मूळ ब्रेक सिस्टीम अशी बदलली आणि तपासून कागदांवर नोंद केली नाही, तर गाडीची रस्त्यावर चालवण्याची परवानगीच जाऊ शकते. अपघात झाला की विमा कंपनी हाच कागद मागणार.

भारतात ऐकणाऱ्यांनो, फ्यूज काढून "स्किड मारायला मजा येते" म्हणणारे आपल्याकडेही आहेत. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झालाय, तो उगाच नाही. तुमच्या एबीएसमध्ये सर्वो नाही. तो काढायला या जुन्या गाड्यांचं कारण तुम्हाला लागू नाही.

तर भावा, तुझं उत्तर. मालकाला तीन गोष्टी विचार. काम कुणी केलं, बिल दाखवा. बदलाची कागदावर नोंद आहे का? दोन्ही ब्रेक दाबून ब्रेक लाइट लागतो का, समोर दाखवा. एकाचंही उत्तर "अरे, चालतं रे" असं आलं, तर गाडी सोड. तिन्ही उत्तरं चोख मिळाली, तर ओळखीच्या मेकॅनिकला दाखव, मगच पैसे दे.

मला विचाराल तर, चांगला चालणारा सर्वो एबीएस काढू नये. नीट काढलेला साधा ब्रेक चालेल. पण अधूनमधून चालणारा सर्वो, त्यावर एक किलोमीटरही जाऊ नये. कारण त्या गाडीवर तुमच्या हाताला माहीतच नसतं की आज कुठला ब्रेक मिळणार.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात भेटू. हेल्मेटचा पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवू नका!