संकटकाळातील वीज
(वडूज येथील भाषण)



११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे भूकंप झाला, कोयनेची वीज थांबली आणि मुंबईपर्यंतचे उद्योग थंडावले. शत्रूचा बाँबही हेच करू शकेल. पोफळीचे वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. वाहिन्या मात्र उघड्या माळावर! १२ ऑक्टोबर २०२० रोजी वाहिन्यांतील बिघाडानेच मुंबई अंधारली.

औष्णिक संच सुरू होण्यास कित्येक तास लागतात, जलविद्युत संचाला काही मिनिटे पुरतात. ठप्प पडलेली यंत्रणा जागी करावयाची ती त्यानेच. म्हणून कोयनेचे पाणी हा युद्धकाळातील राखीव साठाच होय. तेच पाणी वीज देऊन पश्चिम समुद्राकडे जाते आणि आपला खटाव तालुका तहानलेला राहतो. रोजच्या विजेसाठी ते किती खर्चावे, हे विचारण्याचा तुम्हांस पूर्ण अधिकार आहे.