पक्षाघातानंतर घरच्या घरी पुनर्वसन

पक्षाघाताचा झटका ओसरला, रक्तदाब आटोक्यात आला, की घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो. पुढच्या व्यायामांसाठी रुग्णालयातच राहायचं, की पेशंटला घरी न्यायचं?

ब्रिटन, स्वीडन यांसारख्या देशांत सौम्य ते मध्यम पक्षाघाताच्या अनेक रुग्णांना लवकर घरी पाठवतात. मग फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ असं पथकच घरी येतं. अशा रुग्णांचं परावलंबित्व कमी राहतं, असं आढळलं आहे. शिवाय सराव खऱ्या जागी होतो. न्हाणीघराचा उंबरठा आपलाच, खाटेची उंचीही रोजचीच.

मात्र सगळा भार कुटुंबावर टाकून भागत नाही. भारतात १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ नावाचा अभ्यास झाला. त्यात नातेवाइकांना शिकवून व्यायाम त्यांच्याकडे सोपवले होते. २०१७ साली निष्कर्ष आला. सहा महिन्यांनंतर, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत काहीच फरक पडला नव्हता.

घरी एवढं जपा. उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांद्याला इजा होते. कमरेला आधार द्या. आडवं असताना पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं.

आणि डिस्चार्ज घेण्याआधी उठवणं-बसवणं फिजिओथेरपिस्टसमोर स्वतः करून दाखवा. ते घरी कधी येणार, हेही ठरवूनच निघा.