दुसऱ्या घराचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत संस्थेच्या एका माजी सेक्रेटरींनी केलेलं भाषण. जागेअभावी थोडं संक्षिप्त केलं आहे.)



मला विषय दिलाय, ‘एक फ्लॅट भाड्याने देणाऱ्याच्या अडचणी’. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा या विषयावर बोलायला कुणी उभं राहिलं नसतं, कारण सगळेच आपापल्या घरात राहत होते. आज ४८ पैकी १७ फ्लॅट भाड्याने आहेत. त्यांचे मालक काही मोठे बिल्डर नाहीत. कुणी प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून दुसरा फ्लॅट घेतला, कुणाचा मुलगा परदेशी गेला, कुणाला आईवडिलांचं घर मिळालं. म्हणजे आपणच.

आधी हिशेब करू. आपल्यातले बरेच जण म्हणतात, ‘दुसरा फ्लॅट म्हणजे पेन्शन’. धरून चालू, फ्लॅटची किंमत ७० लाख आणि भाडं महिना २० हजार. वर्षाचे २ लाख ४० हजार झाले. आता वजाबाकी. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं, २० हजार गेले. एजंटाला एक महिन्याचं भाडं, आणखी २० हजार. सोसायटीची वर्गणी ३० हजार. बिनभोगवटा शुल्क २,४००. घरपट्टी १५ हजार. रंग, गळका नळ, गीझर मिळून २२ हजार सहाशे. हातात उरले १ लाख ३० हजार. सत्तर लाखांवर शेकडा दोनसुद्धा पडत नाहीत! बँकेतल्या ठेवीला याहून जास्त मिळतं, आणि ठेवीचा नळ गळत नाही.

कर्ज काढून घेतला असेल तर आणखी बिकट. ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता ४३ हजारांच्या वर जातो. भाड्यातून निम्मासुद्धा सुटत नाही.

घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. जागेची किंमत वाढते, अडीअडचणीला छप्पर असतं, भाडंही हळूहळू वाढतं. प्राप्तिकरातही थोडा आधार आहे. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. पण एकच घर असलेल्या माणसाचं खरं नुकसान कशात होतं ते या हिशेबात दिसतं. दहा घरांच्या मालकाचं एक घर रिकामं राहिलं तर नऊ चालू असतात. आपलं एक रिकामं राहिलं की सगळंच थांबतं. वर्गणी आणि घरपट्टी मात्र थांबत नाही.

मग घरं रिकामी का राहतात? माझ्या मते, मुख्यतः भीतीपोटी. ‘भाडेकरू घर बळकावेल’ ही भीती आपल्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेली आहे, आणि ती उगाच नाही. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्यात १९७३ साली बदल झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लीव्ह अँड लायसन्सवर राहत होते, ते कायद्याने भाडेकरू ठरले. अकरा महिन्यांसाठी म्हणून दिलेली घरं मालकांना परत मिळेनात. लोकांनी धसका घेतला आणि घरांना कुलपं लावून ठेवली.

पण आता कायदा तो राहिलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम २४ सांगतं की लायसन्सची मुदत संपली की जागा परत द्यायची. नाही दिली तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि जागा सोडेपर्यंत भाड्याच्या दुप्पट रकमेने भरपाई मागता येते.

मात्र हे संरक्षण हवं असेल तर कागद पक्का हवा. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे आपण अजून ऐकतो. महाराष्ट्रात ते चूक आहे. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदलेला करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात.

हे मला आज पाठ आहे, कारण मी त्याची किंमत मोजली आहे. माझा तळमजल्याचा फ्लॅट मी ओळखीच्या एका गृहस्थांना दिला. बायको, दोन मुलं, सज्जन कुटुंब. ओळखीत कसली नोंदणी, म्हणून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली आणि ५० हजार डिपॉझिट घेतलं. आठ महिन्यांनी भाडं थांबलं. विचारायला गेलो तर म्हणाले, ‘मी तुम्हाला दोन लाख डिपॉझिट दिलंय, त्यातून वळते करा.’ माझ्याकडे दाखवायला धड कागद नव्हता. शेवटी पाच महिन्यांचं भाडं सोडून हात जोडले तेव्हा ते गेले.

का, तर दीड-दोन हजार रुपये वाचवायला! २० हजार भाडं आणि ६० हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांच्या कराराचं मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने पावणेसहाशेच्या आत येतं, शहरात नोंदणी फी एक हजार. आता अंगठा घ्यायला माणूस घरी येतो.

आणखी चार गोष्टी पटकन सांगतो. डिपॉझिट धनादेशाने किंवा बँकेतूनच घ्या. किल्ली देताना पंखे, दिवे, नळ यांची यादी करून मोबाईलवर फोटो काढा आणि वीजमीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवा. आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी: मालक अनिवासी असेल तर भाडेकरूला भाड्यातून कर कापून भरावा लागतो, भाडं कितीही कमी असलं तरी. हे आधीच सांगा, नाहीतर त्या बिचाऱ्याला नोटीस येईल.

आता सोसायटीबद्दल. इथे मला जरा जड जाणार आहे.

मी सेक्रेटरी असताना वार्षिक सभेत एक ठराव मीच मांडला होता, की अविवाहित मुलांना फ्लॅट भाड्याने देऊ नये. टाळ्या पडल्या, ठराव मंजूर झाला. आपल्या उपविधींत असं कुठेही नव्हतं. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगीही लागत नाही, लेखी कळवावं लागतं. बिनभोगवटा शुल्कसुद्धा शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पण तेव्हा कुणी वाचलं नाही. मीही नाही.

त्या वेळी आपल्या एका वहिनींचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. यजमान नुकतेच गेलेले, भाड्यावर त्यांचं औषधपाणी चालायचं. नोकरी करणारी दोन मुलं डिपॉझिट घेऊन तयार होती. मी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. फ्लॅट सात महिने रिकामा राहिला. नऊ हजार भाडं धरलं तर ६३ हजार रुपये. आणि त्या सात महिन्यांची वर्गणी आपण त्यांच्याकडून वेळेवर वसूल केली. पावत्यांवर सही माझी आहे.

गंमत बघा. मुलं नकोत म्हणून ठराव करणाऱ्याला कुटुंबवाल्याने बुडवलं. माणूस लग्न झालेला आहे की नाही, यावरून तो भाडं देईल की नाही हे कळत नाही. पुढे ठराव रद्द झाला आणि वहिनींनी दोन मुलांनाच फ्लॅट दिला. एकदा रात्री गाणी मोठ्याने लागली, तक्रार आली, वहिनींनी फोन केला, आवाज बंद झाला. भाडं मात्र पाच तारखेच्या पुढे कधी गेलं नाही.

वहिनी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, ते सात महिने मी परत देऊ शकत नाही. पण चूक माझी होती, हे सगळ्यांसमोर सांगायचं राहून गेलं होतं.

नव्या कार्यकारिणीला एकच विनंती. कराराची प्रत, पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच आणि भाडेकरूचा फोन नंबर एवढं ऑफिसात जरूर मागा, आणि सगळ्यांकडून सारखं मागा. त्यापलीकडे कुणाला घर द्यायचं ते मालकाला ठरवू द्या. आणि भाडेकरूंनाही गणपतीच्या आरतीला बोलवा. वर्गणी मागायला आपण त्यांच्याकडे जातोच की!