पाळणे का थांबले?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरांतल्या मुलांनी एस्सेल वर्ल्डचा हट्ट धरला. चूक आमचीच. नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, मग बोटीने खाडी ओलांडून गोराईला उतरायचे, हे आम्हीच तिखटमीठ लावून सांगितले होते. १९८९ साली सुरू झालेले ते उद्यान २०२२ पासून बंद आहे, हे ऐकून मुलांनी विचारले, "का?" आम्ही म्हणालो, "कोरोना."

हे उत्तर अपुरे आहे. दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये उघडले आणि २००८ मध्ये बंद पडले. तेव्हा कोरोना कुठे होता? तिथे जागेचा भाडेपट्टा संपला होता. गावाबाहेरची म्हणून घेतलेली जमीन वीस-पंचवीस वर्षांत शहराच्या पोटात येते आणि पाळण्याच्या तिकिटापेक्षा मोलाची ठरते. खर्च मात्र रोजचा. कोणी बसो न बसो, बेअरिंग, ब्रेक, वेल्डिंग तपासावेच लागते. गर्दी सुट्ट्यांपुरती, पावसाळा रिकामा. चार वर्षांत तोच पाळणा पोरांना जुना वाटतो. नवा आणायचा तर कर्ज. त्यात जुलै २०१७ मध्ये २८ टक्के जीएसटी लागला, तो १८ वर यायला जानेवारी २०१८ उजाडला. अशा संसारात टाळेबंदी आली. उभा पाळणा गंजतो, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. (हैदराबादचे वंडरला २०१६ चे, म्हणजे अजून तरुण आहे.)

आपल्या जिल्ह्यातला पाळणेवाला मात्र टिकला. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम मंडळी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, महापूजा होते, महाराष्ट्रातूनही माणसे येतात. पाळणेवाला ट्रकमधून पाळणा आणतो, जोडतो, जत्रा उठली की सोडून पुढच्या गावी नेतो. जमीन त्याची नाही, म्हणून जमिनीचा भाव त्याला पाडत नाही. त्याला फक्त मोकळे मैदान हवे.

इथेच आमच्या पोटात गोळा येतो. आपल्या मांडवामागे पूर्वी मोठा पाळणा लागत असे. तिथे आता प्लॉटचे दगड रोवलेत. उरलेल्या पट्ट्यावर यंदा मोटारी उभ्या करायचे ठरत होते. आम्ही काही जण आडवे आलो, बैठकीत आवाजही चढले. शेवटी तिथे हाताने फिरवायचा लाकडी पाळणा लागला आहे. आरतीनंतर सुरू होईल, दहा रुपयांत पाच फेऱ्या. चपला मांडवाशी काढून यावे.