चिमणरावांचे घर आणि आपले घर
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात, वडोदरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवानिमित्त मी चार शब्द बोलावेत, असा निरोप घेऊन आपले चिटणीस माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना विषय विचारला. ते म्हणाले, "विषय तुमचा तुम्ही ठरवा, फक्त पंगत बसण्यापूर्वी संपवा म्हणजे झाले." इतका मोकळा विषय मला आयुष्यात कोणी दिला नव्हता. तेव्हा मी असा विषय निवडला आहे की, त्यात पांडित्याला जागा नाही आणि श्रोत्यांना झोप येण्याचा संभव थोडा. मी आज 'चिमणराव गुंड्याभाऊ' या दूरदर्शनवरील मराठी मालिकेविषयी बोलणार आहे. पन्नास वर्षांचा हिशेब मांडण्याच्या दिवशी हा गृहस्थ टीव्हीवरच्या गमतीजमती काय सांगत बसला, असे कोणास वाटेल. पण त्या हिशेबाशी या विषयाचा संबंध आहे, तो पुढे दिसेल.

आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना ही मालिका आठवत असेलच. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या अखेरीस या केंद्राने चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून ही मालिका दाखविली. मराठीतल्या अगदी पहिल्या मालिकांपैकी ती एक. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. सारा खेळ काळ्यापांढऱ्या चित्रांचा. रंग आपल्याकडे १९८२ साली आले. पुण्यातले एक मध्यमवर्गीय घर. त्यात कारकुनी करणारे, अंगाने किरकोळ आणि स्वभावाने भित्रे चिमणराव. त्यांची पत्नी कावेरी, मातुःश्री, मोरू, राघू आणि मैना ही मुले. आणि या सर्वांच्या पाठीशी सोटा घेऊन उभा असलेला धिप्पाड गुंड्याभाऊ. प्रत्येक भागात या घरावर एखादे लहानसे संकट यायचे. चिमणराव ते निवारायला निघत आणि संकट दुप्पट होई. गुंड्याभाऊ मदतीला धावे आणि ते चौपट होई. शेवटी कसेबसे सगळे पूर्ववत व्हायचे आणि घर पुढच्या संकटाला मोकळे राहायचे.

एवढाच तो ऐवज. त्यावर १९७९ साली एक मराठी चित्रपटही निघाला. पुढे दूरदर्शनवर रंग आले, शेकडो वाहिन्या आल्या, त्यांच्यावर हजारो भागांच्या मालिका होऊन गेल्या; त्यांतल्या पुष्कळांची नावेही आपण विसरलो. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे वारले, तेव्हा वृत्तपत्रांनी 'गुंड्याभाऊ गेले' असेच म्हटले. शहाण्णवाव्या वर्षात पदार्पण केलेल्या नटाला लोक चार दशकांपूर्वीच्या एका भूमिकेच्या नावाने निरोप देतात, यात काहीतरी अर्थ असला पाहिजे. तो अर्थ काय, याचा शोध मी माझ्या कुवतीप्रमाणे घेतला आहे.

प्रथम एक घरगुती प्रसंग सांगतो. १९७८ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी पंधरा वर्षांचा होतो. मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम तेव्हा आपल्या वडोदऱ्यात दिसत नसत. चिमणरावांची कीर्ती आमच्याकडे पाहुण्यांच्या तोंडून येई. त्या मे महिन्यात आत्याच्या मुलीचे लग्न होते, म्हणून आम्ही सारे गिरगावात तिच्या बिऱ्हाडी उतरलो होतो. त्याच लग्नाला माझे काकाही आले होते. दांडिया बाजारातल्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून माझे वडील आणि काका यांच्यात तीन वर्षे अबोला होता. समोरासमोर आले की एक जण वर्तमानपत्र उघडी आणि दुसरा चपला शोधू लागे. आत्याच्या डोळ्यांना त्या चार दिवसांत पदर लागलेलाच होता.

चाळीत टीव्ही एकच, शेजारच्या बिऱ्हाडात. चिमणरावांची वेळ झाली की मजल्यावरची सगळी माणसे तिथे जमत. आम्हीही गेलो. वडील दाराशी बसले, काका खिडकीशी. मध्ये पंचवीस माणसे. त्या भागाची गोष्ट काय होती ती मला आज आठवत नाही. एवढे मात्र आठवते की, चिमणराव काहीतरी ठणकावून सांगायला म्हणून पुढे होत आणि शब्द घशातच अडकत. आमचे आजोबा, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, ते अगदी असेच. घरमालकाला खडसावायला जायचे आणि त्याला चहाचे आमंत्रण देऊन परत यायचे. एकाएकी दाराशी आणि खिडकीशी एकाच क्षणी हसू फुटले. काका पंचवीस माणसांच्या डोक्यांवरून ओरडले, "दादा, अगदी नाना हो!" आणि माझे वडील, ज्यांना मी क्वचितच हसताना पाहिले होते, म्हणाले, "आणि तो सोट्यावाला तू!"

आता येथे मी असे सांगितले असते की, त्याच रात्री दोघे गळ्यात पडले आणि घराचा वाद मिटला, तर भाषण गोड झाले असते. पण ते खोटे ठरेल. वाद कोर्टात गेला आणि आणखी दोन वर्षे चालला. मात्र त्या संध्याकाळनंतर ते एकमेकांशी बोलू लागले. कोर्टाच्या तारखेला दोघे एकाच टांग्यातून जात, असे आई सांगे. घराची वाटणी झाली, माणसांची झाली नाही. नाना गेल्यावर त्यांचे नाव त्या दोघांनी एकमेकांसमोर काढले ते प्रथम त्या टीव्हीपुढे. माणसे एकाच गोष्टीला हसली की त्यांचे पूर्वज एक आहेत, हे त्यांना आठवते.

हे हसू असे का जोडते? माझ्या मते याचे मूळ चिं. विं.च्या लेखणीत आहे. त्यांच्या कथांत चिमणराव स्वतःच बोलतात. आपली फजिती ते आपल्याच तोंडाने सांगतात, आणि ती फजिती आहे याचा त्यांना पुष्कळदा पत्ताही नसतो. 'स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग' हे प्रकरण आपण वाचले असेल. भिडस्त माणसाने एकदम स्पष्ट बोलायचे ठरविले तर त्याचे काय होईल, हे नावावरूनच समजते. त्यात हसण्याचा विषय दुसरा कोणी नाही, 'मी' आहे. दुसऱ्याला हसणे सोपे असते आणि ते लवकर शिळे होते. जो स्वतःला हसवून घेतो त्याच्या घरात मात्र आपण निर्धास्त जाऊन बसतो, कारण तिथे आपला अपमान होणार नाही याची खात्री असते. प्रभावळकरांनी ही नस बरोबर ओळखली. त्यांचा चिमणराव वेडावाकडा नव्हता. तो मनापासून चांगले करायला निघालेला आणि दर वेळी फसणारा माणूस होता. म्हणून आपण त्याला हसलो तरी त्याचा धिक्कार कधी केला नाही.

दुसरी गोष्ट अशी की, या घरात खलनायक नाही. भांडणे आहेत, रुसवे आहेत, थापा आहेत. पण कोणाचे वाईट व्हावे म्हणून कोणी काही करीत नाही. अलीकडच्या मालिकांत एक सून विष कालवते, दुसरी ते पिते आणि तिसरी चोरून ऐकते. त्या पाहू नका असे मी सांगणार नाही, कारण त्या आमच्या घरीही लागतात. परंतु कपटावर उभी राहिलेली गोष्ट कपट उघडकीस आले की संपते. स्वभावावर उभी राहिलेली गोष्ट संपत नाही, कारण स्वभाव जात नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी मात्र हे भाषण ऐकून एक दुरुस्ती सुचविली. त्या म्हणाल्या, "सगळे खरे; पण फजिती चिमणरावांची झाली तरी रात्रीचा स्वयंपाक कावेरीच करते." हे मला मान्य करावे लागले. त्या घराला आपण आदर्श मानू नये. त्याची ऊब घ्यावी आणि कावेरीचे ओझे मात्र तिथेच ठेवून यावे.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हा विषय घेतला, तिच्याकडे वळतो. चिमणराव पुण्याचे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचे कर्ते चिं. वि. जोशी पुण्यात जन्मून आपल्या बडोद्यात आयुष्याचा फार मोठा काळ राहिले. बडोद्याच्या कॉलेजात ते पाली भाषेचे प्राध्यापक होते आणि संस्थानच्या दप्तराचे कामही त्यांनी पाहिले. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने 'सद्धम्मप्पकासिनी' हा टीकाग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध केला, त्याचे संपादक हेच. सकाळी बौद्ध ग्रंथांतले पाठभेद जुळवावेत आणि संध्याकाळी चिमणरावांची फजिती लिहावी, असा हा माणूस. 'एरंडाचे गुऱ्हाळ' हे त्यांचे पुस्तक १९३२ साली आले. त्यानंतर 'चिमणरावांचे चऱ्हाट' आले. मास्टर विनायकांनी १९४० साली 'लग्न पाहावे करून' आणि १९४२ साली 'सरकारी पाहुणे' हे चित्रपट त्यांच्या लेखनावरून काढले, त्यांत दामूअण्णा मालवणकर चिमणराव होते. १९६३ साली चिं. वि. गेले. योगायोगाने माझा जन्म त्याच वर्षाचा.

मला असे वाटते की, पुण्याचे ते घर इतके स्पष्ट दिसले, याचे एक कारण लिहिणारा पुण्यापासून दूर बसला होता हे असावे. अंगणात उभे राहून आपले घर पुरते दिसत नाही; थोडे रस्त्यापलीकडे जावे लागते. आपण सर्व रस्त्यापलीकडचे लोक आहोत. आपले पणजोबा गायकवाडी चाकरीसाठी इकडे आले. आपण गुजरातीत भाव करतो, मराठीत रागावतो. पुण्यामुंबईचे पाहुणे आपल्या बोलण्यातले गुजराती शब्द मोजतात आणि आपल्याला थोडे कमी लेखतात. त्यांना नम्रपणे सांगावे की, तुमच्या शेजारघरचा जो माणूस तुम्हाला सर्वांत आवडला, त्याचा कर्ता आमच्या गावात राहून लिहीत होता.

परंतु हा अभिमान मिरविण्याइतका आपण तो जपला आहे काय? त्या काळी चित्रफिती महाग होत्या. एका कार्यक्रमावर दुसरा चित्रित करून फीत पुन्हा वापरीत, त्यामुळे त्या वर्षांतले कितीतरी कार्यक्रम आज उरलेले नाहीत. त्याबद्दल आपण हळहळतो. पण गेल्या महिन्यात मी आपल्या वाचनालयात गेलो आणि चिं. विं.ची पुस्तके काढली. एका पुस्तकाच्या पाठीमागच्या कागदावर शेवटची तारीख चौदा वर्षांपूर्वीची होती. ती फीत कोणी पुसलेली नाही. आपणच ती लावायची सोडून दिली आहे.

माझी नात नऊ वर्षांची, इंग्रजी शाळेत जाते. तिला मी फोनवर या मालिकेचा एक तुकडा दाखविला. ती गुंड्याभाऊला खूप हसली, मग विचारते, "आजोबा, चऱ्हाट म्हणजे काय?" मी सांगितले, "काथ्याचा लांबच लांब दोर. आणि न संपणारी गोष्ट." ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही सांगता तशी?" मी हसलो, तिलाही कळले की मला राग आला नाही. तेव्हापासून रोज एक पान वाचतो. तिला दहांतले चार शब्द अडतात. परवा ते तीनच अडले.

आपल्या संस्थेने पन्नास वर्षांत विद्यार्थ्यांना पुस्तके दिली, आजाऱ्यांना औषधे दिली, निराधार भगिनींना शिलाईची यंत्रे दिली. हे मोठे काम आहे आणि ते चालू राहो. पण या सभागृहात आज पुढच्या रांगांत पांढरे केस दिसतात आणि मुले बाहेर अंगणात आहेत, हे आपण सर्व पाहत आहोत. आपण गेल्यावर या संस्थेचे दार उघडायला कोण येणार? ज्यांना येथे एकदा तरी मनसोक्त हसायला मिळाले असेल, तीच मुले येतील. म्हणून माझी विश्वस्तांना विनंती आहे की, महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी हे सभागृह तासभर उघडावे. व्याख्यान नको, प्रस्तावना नको. आजोबा-आजींनी पुस्तकातले एक प्रकरण मोठ्याने वाचावे आणि मुलांनी हसावे. जो शब्द अडेल तो विचारावा. ज्यांच्यात अबोला आहे त्यांनीही यावे. एक दाराशी बसेल, एक खिडकीशी, हरकत नाही.

पहिल्या रविवारचे वाचन आणि चिवडा माझ्याकडे लागला. चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत आणि पाने वाढल्याचा वास येत आहे. तेव्हा माझे चऱ्हाट येथेच आवरतो.